वैभवीचा पिवळा स्फटिक

नको तिथे शहाणपणा करायची माझी खोड जाणार कधी? दिल्लीत मुनिरक्याच्या एकाच खोलीत राहतो आम्ही, वैभवी आणि मी. तिचे बाबा, मुरलीधरकाका, फौजेतून निवृत्त झालेले. दिल्ली कायमची सोडण्याआधी संक्रांतीला पानिपतच्या रणभूमीवर, काला अंबला डोकं टेकवायचं, म्हणून आज पहाटेच तिला घेऊन निघाले. रिक्षा बाहेर थांबवून ती आमच्या लॅबमध्ये आपली नळी बघायला डोकावली. "सुनयना, मी येईपर्यंत उघडू नकोस यार," म्हणाली.

नळीत तिचा स्फटिक होता. रोडियम धातूला कार्बन मोनॉक्साइड जोडलेला पदार्थ, कारखान्यातल्या रासायनिक क्रियांना वेग देणारा. त्यातले अणू कसे बसलेत ते क्ष-किरणांनी कळतं, पण त्याला धड स्फटिक लागतो. किती खटपटींनंतर हा एकच तयार झाला होता. उद्या मशीन मिळणार होतं. रचना कळली की तिचा प्रबंध पुरा, आणि गुडगावला नुकत्याच उघडलेल्या परदेशी कंपनीत नोकरी पक्की. त्याच नोकरीला मीही अर्ज केला होता. मला नाही म्हणाले.

उद्यासाठी स्फटिक काढून ठेवावा, तेवढीच मदत, म्हणून नळी उघडली, असं दुपारभर स्वतःला सांगत होते. खोटं. मला तो तिच्याआधी बघायचा होता. द्रावण बशीत ओतलं आणि माझे तांब्याचे क्षार टिपते तसा हाही टिपकागदावर टिपला. हात सवयीनं चालला. हा द्रावणाबाहेर टिकत नाही, हे मला काय माहीत नव्हतं? डोळ्यांदेखत पांढरा पडला, चिमट्याखाली भुगा झाला. बशीही सुकली. भुगा नळीत टाकला, बूच लावलं, नळी फ्रिजमध्ये ठेवली आणि गप्प बसले. लाज वाटते माझी मला.

संध्याकाळी दोघं थेट लॅबमध्येच आली. काकांनी आधी माझ्या हातावर तिळाचा लाडू ठेवला. वैभवीनं फ्रिज उघडून नळी उजेडात धरली. हलवली, तर तळाशी कोरडा भुगा.

"बूच ढिलं राहिलं असणार," ती म्हणाली. "सकाळी गडबडीत. द्रावण सगळं उडून गेलं."

काका मटकन स्टुलावर बसले. "गडबड मीच केली, पोरी. बस चुकेल म्हणून. मी एकटा गेलो असतो तर काय बिघडलं असतं?" त्यांचे डोळे भरून आले.

आता गप्प राहिले तर मी माणूस कसली?

"काका, बूच घट्टच होतं," मी म्हणाले. "मी उघडलं."

वैभवीनं माझ्याकडे पाहिलं नाही. नळी पुन्हा फ्रिजमध्ये ठेवली, अगदी जपून. काकांचा लाडू माझ्या मुठीतच राहिला. खाववेना, आणि परत देववेना.