कारागिराच्या गाठी

सोफ्याची स्प्रिंग सुटली की आधी मेहुण्याला बोल लावायचा आणि मग दुरुस्तीला हात घालायचा, असा त्या दुकानाचा रिवाज होता. मेहुणा त्यावर बसलेला असो वा नसो.

"परवा तू इथेच टेकला होतास ना रे?"

"दाजी, हा सोफा आज सकाळी आलाय."

"मग तुझी सावली पडली असेल."

गिऱ्हाईक हसायचं. मेहुणाही हसायचा. जाड माणसाला हे फार लवकर शिकावं लागतं. आपल्यावरच्या विनोदाला आपणच पहिल्यांदा हसायचं, म्हणजे दुसरा विनोद यायला जरा वेळ लागतो.

दुकान सोफे-खुर्च्या भरून देण्याचं. मालक अंगाने इतका सडपातळ की बाजारात त्याला सगळे सुतळी म्हणत, आणि स्प्रिंगा बांधायला सुतळीच लागते म्हणून ते नाव त्यालाही आवडायचं. त्याच्या बायकोचा हा धाकटा भाऊ टेम्पोवर सोफे पोचवायचा. दुकानाने त्याचं नाव ठेवलं होतं फोम. वेगळं सांगायला नको.

सुतळीला दोन गोष्टींचा माज होता. एक, त्याचं पोट पाठीला चिकटलेलं होतं. दुसरी, त्याच्या हाताच्या गाठी. मूठ वळली की बोटांच्या मुळाशी, कातडीखाली, वाटाण्याएवढ्या टणक गाठी दिसत. टाचेच्या मागची शीरही दोरखंडासारखी जाड. त्याच्या वडिलांच्या हातालाही अशाच होत्या. सुतळी मुठीला गुंडाळून जोरात खेचायची, उकिडवं बसून टाच चौकटीला रेटायची, मग गाठी येणारच, असं वडील सांगत. गिऱ्हाईकाने कामाबद्दल शंका काढली की ते दोन्ही मुठी त्याच्या नाकासमोर धरत. "हे बघा. पंधरा दिवसांत शिकलेल्याच्या हाताला येत नाहीत ह्या."

वडील दुकानातच गेले. भर दुपारी, ओठांत बारीक खिळे धरलेले, समोर अर्धी भरलेली खुर्ची. चाळिशी नुकती ओलांडली होती. घरचे म्हणाले, कामाने खाल्ला. पण भेटायला आलेल्या नातेवाइकांना एवढ्यावर समाधान कुठलं? स्वयंपाकघराच्या दारातच, सुतळीच्या आईला ऐकू जाईल अशा बेताने, एक काकू म्हणाली, "हिने तळून तळून मारला त्याला." ज्या बाईचा नवरा सकाळी पोचवून झाला होता, तिच्याबद्दल. आणि असली माणसं वर तिच्याच हातचा चहा पिऊन जातात.

आईने त्यांच्या कपबशा विसळल्या. दुसऱ्या दिवसापासून घरात तेल येणं बंद झालं. भाज्या उकडलेल्या, डाळ उकडलेली, बटाटा उकडलेला. सून आली, तिनेही तोच नेम पाळला. घराला वाफेचा वास कायमचा चिकटला. का, ते कोणी विचारलं नाही, आईनेही सांगितलं नाही.

असा हा तेल न खाणारा, काडीसारखा माणूस. तो रक्त तपासायला गेला तो निव्वळ मजा म्हणून.

झालं असं, की फोमच्या बायकोने त्याला रक्त तपासून घ्यायला बजावलं. फोम सुईला घाबरायचा. "दाजी, सोबत चला ना. तुम्ही पण द्या, म्हणजे मला धीर येईल."

"माझ्या रक्तात चरबी शोधायला त्यांना दुर्बीण लागेल."

"मग भ्यायचं कशाला? लावा पैज. ज्याचा रिपोर्ट वाईट, त्याने मोठा सोफा एकट्याने जिना चढवायचा."

सुतळीने आनंदाने टाळी दिली. जिन्यात घामाघूम झालेला फोम त्याला आत्ताच दिसायला लागला होता.

रिपोर्ट आले. फोमचं कोलेस्टेरॉल सगळं जागच्या जागी, एक आकडा जरासा काठावर. सुतळीचा रिपोर्ट लॅबवाल्याने हातात दिला तोच मुळी उभं राहून. "आजच डॉक्टरांना दाखवा. वाईट कोलेस्टेरॉल फार जास्त आहे, नेहमीच्या दुपटीहून पुढे."

सुतळी हसला. मग काउंटरवर हात आपटून म्हणाला, "नावं बदललीत तुम्ही! ह्या दोघांपैकी चरबी कोणात आहे, ते आंधळासुद्धा सांगेल!"

लॅबवाला बिचारा सभ्य. त्याने पुन्हा रक्त घेतलं, समोर नाव लिहून घेतलं. आकडे तेच आले. तेव्हा सुतळीच्या मते मशीन बिघडलेलं निघालं.

मूर्ख माणसाला समजावता येतं. ज्याला आपल्या बरगड्यांचा अभिमान आहे, त्याला देवही समजावू शकत नाही. सुतळीने दुकानात येऊन रिपोर्टच्या कोऱ्या बाजूवर उशीच्या कोपऱ्याचा आकार आखला, कातरीने कापला, आणि त्या मापाने रेक्झिन कापायला बसला.

पण फोम ऐकेना. रोज टेम्पो लावला की पहिलं वाक्य तेच. "दाजी, डॉक्टर."

"तू तुझं बघ."

"बघितलं. माझं बरं आहे."

"अरे, ते माझं आहे! तुझ्या नावावर आलंय एवढंच."

एरवी हसणारा फोम त्या दिवशी हसला नाही. टेम्पोची किल्ली बोटात फिरवत म्हणाला, "लहानपणापासून मला एकाही माणसाने निरोगी म्हटलं नाही, दाजी. शाळेत नाही, लग्नात नाही. पहिल्यांदा कोणीतरी कागदावर लिहून दिलं, तर तो कागदही तुम्ही तुमचाच म्हणता. घ्या. तो तुम्ही घ्या, तुमचा मला द्या. पण मग तुमचा कागद घेऊन मी डॉक्टरकडे जाईन. तुम्ही निदान तेवढं तरी करा."

सुतळीने ओठांत खिळे धरले. तोंडात खिळे असले की उत्तर द्यावं लागत नाही, ही त्या धंद्यातली मोठी सोय आहे.

त्याच आठवड्यात सुतळीची लेक दुकानात आली. घरी-दारी सगळे तिला चिमणी म्हणत. ऑफिसात दिवसभर काँप्युटरसमोर बसायची नोकरी नुकतीच लागली होती. हातात नव्या बुटांचा डबा.

"बाबा, नेहमीसारखं."

नेहमीसारखं म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं. बूट नवे असले की मागची कड तिच्या टाचेला घासायची. शाळेच्या शेवटच्या वर्षांपासून हेच चाललेलं. तो बुटाच्या मागची शिवण उसवायचा, आत स्पंजची पट्टी घालायचा, पुन्हा अशी शिवायचा की बूट करणाऱ्यालाही कळू नये. स्वतःच्या चपला-बुटांना तो तेच करायचा. वडीलही करायचे. ज्या घरात जे टोचतं त्याखाली मऊ अस्तर घालता येतं, त्या घरात ते का टोचतं हे विचारायची पाळीच येत नाही.

चिमणी स्टुलावर बसली, पाय बापाच्या गुडघ्यावर ठेवला. मापासाठी त्याने टाचेच्या मागे अंगठा दाबला. शीर जाड, टणक. मागच्या खेपेपेक्षा जाड.

"आजोबांची टाच आहे माझी," ती म्हणाली. "अस्सल कारागीर."

फोम दारात चहा पीत उभा होता. त्याने सहज विचारलं, "चिमणे, तू कधी सोफा भरलास गं?"

"मी? मामा, मला सुईत दोरा ओवता येत नाही."

"मग कारागिराची टाच तुला कशी?"

ती हसली. सुतळी हसला नाही. हातातली सुई तशीच राहिली. त्याने पोरीचा उजवा हात ओढून घेतला, मूठ वळवली, उजेडाकडे धरली. मधल्या बोटाच्या मुळाशी, कातडीखाली, तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी होतं.

"हे कधीपासून?"

"ते होय? माउस धरून धरून आलं असेल."

सुतळीने तिची मूठ सोडली नाही. वडील म्हणाले, सुतळी खेचून. तो म्हणाला, सुतळी खेचून. आता पोरगी म्हणते, माउस धरून. त्याला ती अर्धी भरलेली खुर्ची दिसली, वडिलांच्या ओठांवरून जमिनीवर सांडलेले खिळे दिसले. आणि मग त्या जागी चिमणीचं टेबल दिसलं.

भर कामाच्या वेळी त्याने शटर ओढलं. ते शटर अशा वेळी याआधी एकदाच ओढलं गेलं होतं.

"कुठे?" फोमने विचारलं.

"टेम्पो काढ," सुतळी म्हणाला. "डॉक्टर."

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट मागितला. सुतळीने खिशातून उशीच्या कोपऱ्याच्या आकाराचा कागद काढला. बाईंनी तो उलटसुलट बघितला, आकडे कातरीतून वाचले होते तेवढे वाचले. मग त्यांनी बापलेकीचे हात बघितले, टाचा दाबल्या, सुतळीच्या डोळ्यांत टॉर्च मारला. बुबुळाभोवती फिकट कडं होतं. घरात सगळे त्याला पाणीदार डोळे म्हणत.

"हे घट्टे नाहीत," बाई म्हणाल्या. "ही चरबी आहे. रक्तात इतकी वर्षं इतकी जास्त राहिली, की स्नायूंच्या दोरांवर साठत गेली. हातावर दिसते म्हणून तुम्हाला कळली. हृदयाच्या नळ्यांत साठते ती दिसत नाही."

"बाई, आमच्या घरात तेल येत नाही हो!"

"म्हणूनच कदाचित अजून माझ्यासमोर बसला आहात. चरबी नुसती ताटातून येत नाही, शरीर स्वतःही बनवतं. ती रक्तातून उचलून न्यायची सोय तुमच्या शरीरात जन्मापासून अपुरी आहे. ही उणीव आईबापांपैकी एकाकडून येते. वडील कशाने गेले?"

सवयीने तो 'कामाने' म्हणणार होता. म्हणवलं नाही. त्याने नुसत्या दोन्ही मुठी टेबलावर ठेवल्या.

"हिला माझ्याकडून आलं?" त्याने विचारलं.

"हो. पण तुमच्या वडिलांना जे मिळालं नाही ते हिला मिळेल. गोळी मिळेल, तीही विशीत. रोज घ्यायची, बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही, कारण वाईट वाटतच नसतं ह्यात. काही आठवड्यांनी रक्त तपासू, गरज पडली तर आणखी औषध आहे. तू गं, लग्न झाल्यावर बाळाचा विचार मनात आला, की आधी मला येऊन सांगायचं, तेव्हा गोळी थांबवावी लागते. आणि तुम्ही, सिगारेट ओढता?"

"दुकानामागे. एखादी."

"खोटं," फोम म्हणाला.

"आजपासून बंद. हृदयाच्या तपासण्या होईपर्यंत जड उचलायचं नाही. बहीणभाऊ असतील तर त्यांनाही पाठवा."

फोमने पुढे सरकून आपला रिपोर्ट बाईंसमोर ठेवला. कौतुकाच्या आशेने. बाईंनी वाचला. "छान आहे. तरी हा काठावरचा आकडा तळलेल्या-गोडाचा आहे. आणि चालायला लागा. गुडघे तुमचेच आहेत."

"एक दिवस तरी शाबासकीवर सोडायचं होतं हो, बाई," फोम म्हणाला, आणि त्या खोलीत पहिल्यांदा सगळे हसले.

घरी आई उकडलेले बटाटे सोलत बसली होती. सुतळी तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि सगळं सांगितलं. गाठींचं, चिमणीचं, वडिलांचं. आईचे हात चालूच होते. सोललेला बटाटा ती पुन्हा पुन्हा सोलत होती.

"म्हणजे," ती शेवटी म्हणाली, "माझ्या हातचं खाऊन नाही गेले ते?"

त्याला क्षणभर कळेना. मग कळलं. ती वाफ, ते बेचव ताट, ती इतकी वर्षं. नवऱ्याच्या खुनाची शिक्षा ही बाई चुलीपाशी उभी राहून भोगत होती, आणि निकाल देणारी काकू केव्हाच दुसऱ्या कोणाच्या दारात नाक खुपसायला निघून गेली होती.

"नाही गं आई. त्यांच्या रक्तातच होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुझ्या उकडलेल्यानेच बहुतेक मी इथवर टिकलो."

आईने पदर डोळ्यांना लावला नाही. ती उठली, सुनेला म्हणाली, "शेजारून चमचाभर तेल आण." मग कांदा चिरला, आणि त्या घरात कित्येक वर्षांनी कांदा परतल्याचा वास सुटला. चमचाभरच तेल होतं. बाईंनी तेवढ्याला ना म्हटलं नव्हतं. चिमणी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून नुसती श्वास घेत राहिली.

इतक्यात चिमणीच्या बुटांचा डबा द्यायला फोम आला, उंबऱ्यातच थबकला. "ताई, मी घर चुकलो का?"

दोन-तीन महिन्यांनी बापलेकीचे आकडे खाली आले. पुरते नाहीत, पण बाईंनी मान डोलवावी इतके. हृदयाच्या तपासणीत सुतळीची एक नळी जराशी अरुंद निघाली. वेळेत आलात, बाई म्हणाल्या. गाठी तशाच होत्या, पण आता त्या कोणाला दाखवायची त्याला इच्छा होत नसे.

'तुझ्यामुळे वाचलो' असं दाजीने मेहुण्याला म्हणायचं असतं का? सुतळीला तरी ते जमलं नाही. त्याने दुपारच्या वेळात एक खुर्ची भरायला घेतली. लाकूड जाडजूड, स्प्रिंगा दुप्पट, प्रत्येक स्प्रिंग आठही बाजूंनी बांधलेली, वर चांगलं कापड. गिऱ्हाईकाने विचारलं तर म्हणायचा, विकायची नाही.

ती तयार झाली तेव्हा फोम नेहमीसारखा दारात चहा पीत उभा होता. त्या दुकानात तो कधी बसतच नसे, हे सुतळीच्या आत्ता ध्यानात आलं.

"बस," सुतळी म्हणाला.

फोमने खुर्चीकडे बघितलं, दाजीकडे बघितलं. मग काठाशी टेकला. मग मागे रेलला. खुर्ची करकरली नाही.

"आणि मोडली तर?" त्याने विचारलं.

"मोडली तर भरणाऱ्याची चूक," सुतळी म्हणाला, आणि ओठांत खिळे धरून कामाला लागला.