बाईंच्या बाजूचा ब्रेक

बाईंचा पाय शोरूमच्या चकचकीत फरशीवर ब्रेक शोधत होता. वीस वर्षं लोकांना गाडी शिकवणाऱ्या बाईला ही सवय लागायचीच. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, आपल्या बाजूला बसवलेल्या जादा ब्रेकवर पाय तयार ठेवायचा, आणि चालवणारा भलतीकडे निघाला की दाबायचा. आज समोरचा माणूस केव्हाचा भलतीकडे निघाला होता, पण ते बाईंना अजून कळलं नव्हतं. पाय मात्र चुळबुळत होता.

समोरचा माणूस म्हणजे गचक्या. हे नाव बाईंनीच ठेवलेलं. शिकायला आला तेव्हा क्लच असा सोडायचा की गाडी बेडकासारखी उडी मारायची आणि बंद पडायची. चढावर तर त्याला रडू यायचं. "अरे राजा, क्लच हळू! आणि निघायच्या आधी आरशात बघ! मागे माणसं असतात!" बाईंचा घसा बसला, पण पोरगा शिकला. आता तोच टाय लावून नव्या गाड्या विकत होता. बाईंना केवढं कौतुक! दुसरीकडे कुठे चौकशीसुद्धा केली नाही त्यांनी. आपला पोरगा असताना कशाला करायची?

आणि वेळ तरी कुठे होता? बाईंच्या जुन्या गाडीचं वय भरलं होतं. सोमवारपासून तिच्यावर शिकवायला परवानगी नव्हती. नवी गाडी आज, शुक्रवारी, ताब्यात मिळायला हवी होती, कारण जादा ब्रेक बसवणारा मिस्त्री फक्त उद्या मोकळा होता. सोमवारी गाडी नसेल, तर आगाऊ फी भरलेली माणसं पलीकडच्या चौकातल्या स्कूलमध्ये जाणार. एकदा गेली की संपलंच सगळं. नवरा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला. त्याचं औषध, घरभाडं, दोघांचं पोट, सगळं त्या एका गाडीवर चाललेलं.

"बाई, तुमच्या जुन्या गाडीचे दोन लाख लावलेत," गचक्या म्हणाला. "बाजारात एवढे कोणी देणार नाही. साहेबांच्या पाया पडून आणलेत."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांच्या गॅरेजवाल्याने पावणेदोन सांगितले होते, हा तर दोन देतोय! गचक्याच्याच सल्ल्याने त्यांनी सकाळी जुन्या गाडीतले जादा ब्रेक-क्लच काढून टाकले होते. "शिकवणीची गाडी दिसली की भाव पडतो, बाई." मग काय, काढले. पेडल आता पिशवीत होते, पायाशी.

"पोरा, तुझं भलं होवो," बाई म्हणाल्या. "म्हणजे बँकेचं कर्ज आणि हे दोन लाख मिळून नव्या गाडीची पूर्ण किंमत भरली. मी आज वरून काही द्यायचं नाही ना?"

"काही नाही. फक्त सही."

गचक्याने कागद पुढे सरकवला, पण नजर वर केली नाही. आणि तिथेच बाईंच्या पायाने पुन्हा फरशी दाबली. चालवणाऱ्याची नजर चुकली की पुढे काहीतरी होतं, हे त्यांना वीस वर्षांनी शिकवलं होतं.

"एक सांग," बाई म्हणाल्या. "समज, माझ्याकडे जुनी गाडीच नाही. मी नुसती हात हलवत आले. मग ही नवी मला कितीला देशील?"

गचक्या पेनाचं टोपण काढघाल करायला लागला. नेमके तेव्हाच मॅनेजर साहेब मागून येत होते. त्यांना वाटलं, नवीन गिऱ्हाईक आहे. ते हसून म्हणाले, "एक्स्चेंज नसेल तर, मॅडम, थेट एक लाख चाळीस हजारांची सूट! ह्याच महिन्यात!"

आणि कुणाच्या तरी हाकेला ओ देत निघूनही गेले.

बाईंनी पुढ्यातला कागद पुन्हा वाचला. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे माझी गाडी घेतलीस, तर ही सूट नाही."

"एक्स्चेंजवर ती स्कीम लागू नाही, बाई."

"म्हणजे एका हाताने दोन लाख द्यायचे आणि दुसऱ्या हाताने एक लाख चाळीस काढून घ्यायचे. साठ हजार! माझी गाडी तू साठ हजारांना घेतोस, गचक्या? आणि वर मी तुला आशीर्वाद देतेय?"

"बाई, हळू बोला ना."

"का हळू बोलू? ती गाडी तुला ठाऊक नाही? त्याच गाडीत शिकलास ना रे? घाटात तुझे पाय लटपटले तेव्हा ब्रेक कोणी दाबला होता?"

गचक्याचे कान लाल झाले. "सगळीकडे असंच असतं, बाई. माझा ह्या महिन्याचा आकडा भरला नाही तर मला घरी बसवतील. मुलगी सहा महिन्यांची आहे."

बाईंना त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याच क्षणी त्याची कीवही आली. ह्या कीव येण्याचाच त्यांना जास्त संताप आला.

"बरं. मग मला सूट दे. जुनी मी बाहेर विकते."

"देतो. पण बाई, मग वरचे साठ हजार आज भरावे लागतील. त्याशिवाय बँक कर्जाचे पैसे सोडणार नाही."

साठ हजार! बाईंनी फोन काढला आणि भावाला लावला. भाऊ म्हणाला, "ताई, दोन दिवस आधी सांगायचंस गं." गॅरेजवाला म्हणाला, "गाडी सोमवारी आणा, बघून पैसे देतो." सोमवारी! सगळ्या जगाला सोमवारच हवा होता. घरमालकीणबाईंना फोन लावता लावता बाईंनी स्वतःच बंद केला. त्यांचंच भाडं थकलं होतं.

शोरूममधले दिवे एकेक करून मालवायला लागले. सफाईवाली बाई टेबलाखाली झाडू घालून म्हणाली, "ताई, पाय घ्या जरा." बाईंनी पाय उचलला. इतका वेळ तो फरशीवर दाबून धरल्याने पोटरीत गोळा आला होता.

त्यांनी सही केली. सगळं समजून, डोळे उघडे ठेवून केली. समजून उपयोग काय होता? समजायला त्यांना एक दिवस उशीर झाला होता, आणि तो दिवस त्यांनी आपल्या पोरावर भरवसा टाकण्यात घालवला होता. रडायचं नाही असं ठरवलं होतं, तरी कागदावर एक थेंब पडलाच. गचक्याने तो टायने पुसला.

जुनी गाडी बाहेर उतारावर उभी होती. ती मागच्या आवारात न्यायचं काम गचक्यावर आलं. तो आत बसला. शेजारची सीट रिकामी होती, आणि तिच्यापुढे पेडलच्या जागी चार भोकं होती. त्याने गाडी सुरू केली, आणि क्लच सुटला. गाडीने तोच जुना गचका खाल्ला, बंद पडली आणि मागे घसरायला लागली.

बाईंचा पाय जमिनीवर आपटला. "ब्रेक! ब्रेक दाब, राजा! आता क्लच... हळू... हां, शाब्बास!"

गाडी सावरली. बाई सवयीने पुन्हा ओरडल्या, "आणि निघायच्या आधी आरशात बघ रे!"

त्याने बघितलं नाही. मान खाली घालून तसाच निघून गेला. आरशात त्याला बाईच दिसल्या असत्या, हातात पेडलची पिशवी घेऊन उभ्या.