होयबा

दोन स्वयंसेवकांनी व्हीलचेअर उचलून स्टेजवर ठेवली तेव्हा सावळीरामने डाव्या हाताने चाक घट्ट धरले. त्याला चालता येत होते. काठी टेकत, उजवा पाय जरा ओढत, पण तो रोज सकाळी कॉलनीतल्या बुद्धविहारापर्यंत जाऊन यायचा. आज मात्र सभागृहाच्या दारातच गळ्यात बॅज अडकवलेल्या एका मुलीने खुर्ची पुढे केली होती.

"पेशंट राउंड आहे ना काका, मग यातच बसायचं. बसाल ना?"

"हो," सावळीराम म्हणाला.

हाच तर सगळा घोटाळा होता. दीड वर्षापूर्वी मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात कायमचा लुळा पडला, पाय थोडाफार परत आला, आणि बोलण्यातले सगळे शब्द गेले. एक तेवढा राहिला, तो म्हणजे 'हो'. पाणी हवे का, हो. दुखते का, हो. नको असले तरी हो. आत 'नाही' अगदी तयार असायचा, जिभेच्या टोकापर्यंत यायचा, आणि ओठ उघडले की 'हो' पडायचा. बरे, हे कुणाच्या वाट्याला यावे? सावळीरामच्या! अंबडच्या कारखान्यात सगळी हयात युनियनच्या कमिटीवर घालवलेल्या माणसाच्या. मॅनेजरच्या टेबलावर मूठ आपटून नाही म्हणणारा हा माणूस. साहेबाच्या होला हो मिळवणाऱ्यांना गेटवर, चार लोकांदेखत, 'होयबा' म्हणून हिणवायचा. आता तोच गल्लीतला सगळ्यात मोठा होयबा झाला होता, आणि त्याच्या तळपायाची आग दिवसातून दहा वेळा मस्तकाला जात होती.

डॉक्टरांनी दवाखान्यात विचारले तेव्हाही हेच झाले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले होते, "काका, शाळेच्या मुलांची मेंदूवरची स्पर्धा आहे. अख्ख्या नाशिक विभागातून मुलं येणार. शेवटच्या फेरीत खरा पेशंट हवाय. याल ना?" सावळीरामने जोरजोरात मान हलवली, नाही, नाही, नाही. तोंडातून मात्र 'हो' निघाला. लोक तोंडाचे ऐकतात. डॉक्टरही लोकांतलेच.

बाहेर आल्यावर त्याने डावा हात नाचवून सुलाबाईला परोपरीने सांगितले. तिला कळलेही. नवऱ्याच्या डोळ्यांतला नकार तिला कळत नसता तर दीड वर्ष संसार चाललाच नसता. पण ती म्हणाली,

"एवढ्या वेळचं सोसा. डॉक्टरांनी जीव वाचवला तुमचा. त्यांना नाय कसं म्हणायचं?"

म्हणजे तिलाही म्हणता येत नव्हते. तिला तर कुठला आजारही नव्हता.

आता ती पहिल्या रांगेत ठेवणीतली साडी नेसून बसली होती. तिच्यामागे मुले, पालक, शिक्षक, सभागृह गच्च भरलेले. स्टेजवर टेबल, टेबलावर प्लॅस्टिकचा गुलाबी मेंदू, आणि बाजूला अंतिम फेरीत पोचलेली दोघे: पंचवटीच्या एका शाळेचा राज आणि देवळाली कॅम्पची तेजल.

"आतापर्यंतच्या फेऱ्या पुस्तकातल्या होत्या," डॉक्टर माईकवर म्हणाले. "आता हा खरा पेशंट. प्रश्न विचारा, तपासा, आणि मेंदूचा कुठला भाग बिघडलाय ते सांगा. प्रत्येकाला तीन मिनिटं. आणि हो, काका स्वखुशीने आलेत बरं का. हो ना काका?"

सावळीरामने मान हलवली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

"हो," तो म्हणाला.

टाळ्या पडल्या. डॉक्टर मुलांकडे वळले. "पाहिलंत? तोंड हो म्हणतंय आणि मान नाही म्हणतेय. हाही आजाराचाच भाग. यांची हो-नाहीची गफलत होते." दोन्ही स्पर्धकांनी समजल्यासारख्या माना डोलावल्या. सावळीरामला वाटले, टेबलावरचा तो गुलाबी मेंदू उचलावा आणि डॉक्टरांच्या टाळक्यात घालावा. गफलत कुणाची होत होती? मान खरे बोलत होती. इतका शिकलेला माणूस, याच एका अवयवावर आयुष्य घालवलेला, आणि समोर धडधडीत दिलेला नकार त्याने लक्षण म्हणून खिशात टाकला होता.

राज पुढे आला. तरतरीत मुलगा, इस्त्रीचा शर्ट. त्याने बहिऱ्याशी बोलावे तसा आवाज चढवला.

"काका! ऐकू येतंय का?"

"हो."

"तुमचं नाव सांगा!"

"हो."

मागे कुणीतरी फिसकन हसले.

"आज वार कुठला?"

"हो."

आता हसू रांगारांगांतून पसरले. राजला चेव आला. त्याने प्रेक्षकांकडे एक नजर टाकली आणि विचारले, "काका, तुम्ही नाशिकचे महापौर आहात का?"

सावळीरामने दात-ओठ खाल्ले, तरी शब्द निघालाच. "हो."

सभागृह खो खो हसले. पालक हसले, मास्तर हसले, बॅजवाली मुलगी तोंडावर हात धरून हसली. सावळीरामने सुलाबाईकडे पाहिले. तीही हसत होती. तिचा तरी काय दोष, शेजारचे हसले की माणूस हसतो. पण ते हसणे त्याला राजच्या प्रश्नापेक्षा जास्त लागले.

"सर, पेशंटला भाषा समजतच नाही," राजने सांगून टाकले आणि गुलाबी मेंदूच्या कानशिलाकडच्या भागावर बोट ठेवले. "हा भाग."

समजत नाही! सगळे समजत होते म्हणून तर अंगाची लाही होत होती. समजले नसते तर तोही हसला असता, सुटला असता.

मग तेजल आली. ती खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसली, त्यामुळे तिचे डोळे त्याच्या डोळ्यांसमोर आले. ती हळू आवाजात बोलली, पण कॉलरच्या माईकमुळे शब्द सगळीकडे जात होते.

"काका, मी तेजल. तुमचं नाव सावळीराम आहे का?"

"हो."

"तुमचं नाव नाथा आहे का?"

"हो."

पुन्हा हशा. ती हसली नाही. त्याच्या कपाळावर पडलेली आठी ती पाहत राहिली.

"माझं बोलणं कळत असेल तर डावा हात गुडघ्यावर ठेवा."

त्याने ठेवला.

"आता आधी खुर्चीला लावा, मग कानाला."

त्याने खुर्चीला लावला, मग कानाला. कुणीतरी "अरेच्चा" म्हणाले. त्या अरेच्चाने त्याला बरे वाटायला हवे होते, पण भडका आणखीच उडाला. ढोलक्याच्या गुबूगुबूवर मान डोलावणारा नंदीबैल आणि आपण यांत फरक तो काय? ही पोर चांगली होती, हुशार होती, नीट विचारत होती, आणि हिच्या इशाऱ्यावरही आपण नाचतोच आहोत.

"आता डोळे मिटा, काका."

त्याने मिटले नाहीत. सरळ तिच्याकडे पाहिले.

"मिटा ना," ती अजून हळू म्हणाली.

त्याने पापणीही हलवली नाही. तेजलचे कान लाल झाले. तिने काहीतरी विचारायला तोंड उघडले, तेवढ्यात घंटा वाजली.

"उत्तर?" डॉक्टर म्हणाले.

ती उभी राहिली. "डाव्या बाजूला, पुढचा भाग. ब्रोका, बोलण्याचं केंद्र." तिचा आवाज पाठ केलेले म्हणावे तसा सपाट येत होता. "त्यांना सगळं समजतं. फक्त बोलता येत नाही. एकच शब्द उरलाय. नाही म्हणायचं असलं तरी तोंडातून हो येतो."

"शाब्बास! अगदी बरोबर!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सावळीराम एकेक चेहरा पाहत राहिला. नाही म्हणायचे असले तरी हो येतो, हे आत्ता माईकवर मोठ्याने सांगितले गेले होते. डॉक्टरांनी त्या उत्तराला गुण दिले होते, लोकांनी टाळ्या दिल्या होत्या. आणि दहा मिनिटांपूर्वीच्या 'स्वखुशी'चे काय, हा प्रश्न त्या शेकडो डोक्यांपैकी एकातही शिरला नव्हता. इतके मेंदू एका छताखाली, आणि उजेड हा एवढा.

बक्षीस झाले. तेजलच्या हातात चषक आला, फोटो निघाले. मग सावळीरामच्या अंगावर शाल पडली आणि मांडीवर नारळ आला. डॉक्टर वाकले, माईक त्याच्या तोंडाशी धरला आणि प्रेक्षकांकडे पाहून डोळे मिचकावले.

"काका, मुलांना तुम्ही फार आवडलात. पुढच्या वर्षीही याल ना?"

सभागृह आधीच हसायला टपले होते.

शब्द छातीतून निघाला. सावळीरामला तो येताना कळला, नेहमीसारखा, गुळगुळीत, आज्ञाधारक. त्याने दात आवळले. ओठ आत ओढले आणि मिटले. शब्द आतून धडका देत होता. त्याने डाव्या हाताने नारळ मांडीवर दाबून धरला. तो नाकाने श्वास घेत राहिला.

"काका?"

काही नाही.

"अहो, बोला की," खालून सुलाबाई अजिजीने म्हणाली. "साहेब विचारतायत ना!"

काही नाही. हसण्यासाठी उघडलेली तोंडे हळूहळू मिटू लागली. कुणाची तरी खुर्ची करकरली. सावळीरामच्या कपाळावरून घामाचा ओघळ डोळ्यात उतरला, तरी त्याने डोळा मिटला नाही.

"दमलेत," डॉक्टर हसून सरळ झाले. "हो म्हणाले असं समजू या."

"सर." तेजल चषक घेऊन तिथेच उभी होती. कॉलरचा माईक अजून चालू होता. "ते नाही म्हणाले."

"कधी म्हणाले? अगं, तो शब्दच नाही त्यांच्याकडे. आत्ता तूच सांगितलंस."

"हो सर," ती म्हणाली. "म्हणून तर गप्प बसलेत."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिले, मग खुर्चीकडे. त्यांच्या हातातला माईक अजून अर्ध्या उंचीवर होता, कुणाच्याच तोंडाशी नाही.

सावळीरामने तेजलकडे पाहिले आणि मिटलेले ओठ उघडले.

"हो!" तो म्हणाला.

माईक लांब असूनही आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. कुणी हसले नाही. पहिल्या रांगेतून सुलाबाई उठली, पदर खोचला, त्याची काठी उचलली आणि स्टेजच्या पायऱ्या चढू लागली.