नवरा जिवंत असेपर्यंत

मूल दत्तक घ्यायचं तर काय काय लागतं, हे प्रेमाला तोंडपाठ झालं होतं. लग्नाला काही वर्षं झालेली हवीत, डॉक्टरचं सर्टिफिकेट हवं, नवऱ्याला पगार हवा, डोक्यावर छप्पर हवं. सगळं होतं. घाटकोपरच्या भटवाडीत टेकडीच्या पायथ्याशी एवढीशी का होईना, स्वतःची खोली होती. संपात गिरणी गेली, पण तिचा नवरा गुणाजी विक्रोळीला एका गोडाऊनवर वॉचमन लागला होता. एकच गोष्ट तिच्या घशात अडकायची. कायद्यानं मूल घेणार होता गुणाजी. तिनं फक्त हो म्हणायचं.

"म्हणजे मी एकटी नाही घेऊ शकत?" तिनं दत्तक देणाऱ्या संस्थेच्या शुभाताईंना विचारलं होतं.

"नवरा जिवंत असेपर्यंत नाही. विधवा घेऊ शकते, घटस्फोट झालेली घेऊ शकते, लग्न न झालेलीसुद्धा. नवरा वेडा ठरला नाहीतर संन्यासी झाला तरी चालतं."

गुणाजी आणि संन्यास! अहो, ज्याला आमटीत मीठ कमी पडलं तर वर्दीचा पट्टा सोडावासा वाटतो, तो माणूस हिमालयात जाऊन काय बसणार? आठवड्यातून एकदा तरी तो प्रेमाला बडवायचा. मार खाऊन खाऊन तिची पाठ निबर झाली होती. चाळीला सगळं ठाऊक होतं. गुणाजीचा आवाज चढला की शेजारची मालनकाकी रेडिओ मोठा करायची, आणि तिचा ऐकून पलीकडचा दशरथ आपला. भांडण त्यांचं, आपण कशाला मध्ये पडा!

कोर्टाची ऑर्डर होईपर्यंत पोरगी सांभाळायला द्यायची आणि अधूनमधून येऊन बघायचं, अशी संस्थेची रीत होती. तशी चंपा घरी आली. पाच वर्षांची, काळीसावळी, बोलणं अगदी बेताचं. त्या दिवशी गुणाजीनं शुभाताईंच्या देखत देवापुढं नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. मालवणी गाऱ्हाणं घालावं तर गुणाजीनंच, इतका त्याचा गळा मोकळा.

"बा देवा रामेश्वरा! आज तुझ्या कृपेन ह्या घरात लेक इली हा. तिका सुखात ठेव. ह्या घरात कोणी कोणावर हात उचलूक नको, असा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी चाळ एका सुरात म्हणाली. मालनकाकी सगळ्यात मोठ्यानं.

शुभाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मालनकाकीला बाजूला घेऊन विचारलंसुद्धा, घरात मारझोड वगैरे? काकी म्हणाली, "छे गं बाई, देवमाणूस!" प्रेमाही मान डोलावत होती. देवासमोर खोटं बोलल्याचं तिला काही वाटलं नाही. पोरगी हवी होती तिला. इतकी हवी होती की त्यापुढे देव गेला उडत.

चंपा पहिल्या काही दिवसांत, प्रेमानं विंचरायला फणी उचलली की डोळे घट्ट मिटून घ्यायची. हळूहळू तिची भीती गेली. मग तीच फणी घेऊन यायची आणि प्रेमाच्या मांडीला पाठ टेकून बसायची. प्रेमा उगाच वेणी सोडायची आणि पुन्हा घालायची.

गुणाजीला मात्र आयतं हत्यार मिळालं. पट्टा हातात घेऊन तो हलक्या आवाजात म्हणायचा, "तोंडातून आवाज काढलंस ना, तर कोर्टात सही करूचंय नाय. जाईल तुझी पोर परत." चंपाला बाहेर खेळायला धाडून प्रेमा पदर तोंडात कोंबायची. आता रेडिओचीही गरज उरली नव्हती. मालनकाकी खुशाल सांगत सुटली, पोरीच्या पायगुणानं गुणाजी सुधारला!

त्या रविवारी दुपारी बांगड्याचं तिखलं होतं. दुसऱ्या दिवशी शुभाताई शेवटचं बघायला यायच्या होत्या, मग कोर्ट. गुणाजी पिऊनच जेवायला बसला होता. चंपा पाण्याचा तांब्या घेऊन आली, तिचा पाय अडखळला, आणि अख्खं पाणी त्याच्या ताटात.

"रांडेचे!" गुणाजी उठला.

प्रेमा मध्ये शिरली. "तिला नाही हं! तिला हात लावायचा नाही!"

"मी बाप तिचो! माझो कागद!" त्यानं प्रेमाच्या अंबाड्याला धरलं आणि तिचं तोंड मोरीच्या कठड्यावर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. आजवर तो झाकलं जाईल तिथंच मारायचा, आज तेवढंही भान राहिलं नाही. तिचा पुढचा दात तुटला, तोंड रक्तानं भरलं. ती खाली पडली तशी त्यानं पोटात लाथ घातली, पट्टा सोडला आणि चंपाकडे वळला. चंपा भिंतीला चिकटून उभी होती.

मोरीत कपडे बडवायचं लाकडी धोपटणं होतं. प्रेमाच्या हाताला ते लागलं.

पहिला तडाखा खांद्यावर बसला. गुणाजी वळला आणि हसला. दुसरा मनगटावर बसला, आतलं हाड मोडल्याचं दोघांनाही ऐकू आलं, आणि त्याचं हसणं थांबलं. "हरामखोरा!" प्रेमा ओरडली. लग्न झाल्यापासून नवऱ्याला अरे-तुरे केलं ते आजच. "माझ्या पोरीला मारतोस? मार! मार बघू!" तिनं गुडघ्यावर मारलं. तो वाकला, तेव्हा डोक्यात मारलं. तो मोरीतच आडवा झाला. ताट लवंडून मोरीत वाहिलेल्या बांगड्याच्या लाल तिखल्यात त्याचं रक्त मिसळलं. शेजारी मालनकाकीचा रेडिओ मोठा झाला होता.

प्रेमानं दोन्ही हातांनी धोपटणं उचललं. तो तिच्याकडे बघत होता, उठता येत नव्हतं. विधवा घेऊ शकते. शुभाताईंचा आवाज तिला स्पष्ट आठवला. आणखी एकच घाव. मोरीत घसरला म्हणायचं. चाळ काय, व्हय म्हाराजा म्हणायला तयारच होती. खरं सांगायचं तर तिचे हात खाली यायला निघालेच होते.

तेवढ्यात चंपा पुढे आली. गुणाजीच्या बाजूला, रांगेत उभं राहावं तशी उभी राहिली. डोळे मिटले आणि दोन्ही तळवे प्रेमापुढे धरले.

"पाणी मी सांडलं," ती म्हणाली.

कुठं, कुणी शिकवलं होतं तिला हे? मार सुरू झाला की आपला नंबर लावायचा, हात पुढे करायचे, म्हणजे लवकर संपतं. ती रडतही नव्हती. ती गुणाजीला नाही, प्रेमाला हात दाखवत होती. धोपटणं प्रेमाच्या हातातून गळून पडलं.

दशरथनं गुणाजीला दवाखान्यात नेलं. डोक्याला टाके पडले, मनगटाला प्लास्टर. बायकोनं मारलं, असं तो मेला तरी सांगणार नव्हता. सकाळी शुभाताई यायच्या आत मालनकाकीनं प्रेमाला समजावलं, "दोघं मोरीत घसरलात म्हणायचं. एवढी ऑर्डर होऊ दे गं. मग बघ काय ते."

शुभाताई आल्या, तेव्हा मालनकाकी आणि दशरथ खोलीतच होते. त्यांनी प्रेमाचं सुजलेलं तोंड बघितलं, गुणाजीचं प्लास्टर बघितलं आणि दारातच थबकल्या. गुणाजीनं लगेच डाव्या हातानं नारळ उचलला.

"बा देवा रामेश्वरा! आमी दोघा घसरान पडलो, तरी तू राखलंस. ह्या घरात असाच सुख नांदां दे रे म्हाराजा!"

"व्हय—" मालनकाकीनं सुरुवात केली.

"नाय," प्रेमा म्हणाली.

मालनकाकीनं तिचा हात दाबला, तिनं तो सोडवून घेतला.

"नाय म्हाराजा. हा मला मारतो. पहिल्यापासून मारतो. काल मी त्याला मारलं. जीवच घेणार होते."

गुणाजी शिव्या देत उठला, पण दशरथनं त्याला धरून बसवलं. कधी नव्हे ते.

शुभाताईंनी आपली फाईल मिटली. "चंपाला आत्ता परत न्यावं लागेल मला. कळतंय ना?"

"कळतंय."

"घटस्फोट मिळाला तर तुम्ही एकट्या अर्ज करू शकता. पण त्यात वर्षं जातील. तोवर तिला दुसरं घर मिळालं, तर मी अडवणार नाही."

"नका अडवू." तुटलेल्या दातातून प्रेमाला नीट बोलता येत नव्हतं. "पण तिथं शेजाऱ्यांना विचारत बसू नका, ताई. सगळे हो म्हणतात. पोरीपुढं फणी उचलून बघा."

चंपाचे केस तसेच पिंजारलेले होते. अशी कशी पाठवायची? प्रेमा तिच्यासमोर बसली आणि तिनं फणी उचलली.

चंपानं डोळे मिटले आणि दोन्ही हात पुढे केले.

प्रेमानं फणी तिच्या हातांत ठेवली. "ही तुझी," ती म्हणाली. "घेऊन जा."