बाटलीतला वात

१९९८ च्या श्रावणात उंब्रजजवळच्या नाथाजीबाबाच्या मठापुढं जीपगाड्यांची रांग लागायची. सांधे धरलेल्या बायका कुणाच्या तरी खांद्याचा आधार घेऊन उतरायच्या. बाबा एक रिकामी बाटली त्यांच्या कानाला लावायचा. "ऐका. तुमचा वात कोंडलाय हितं. घुमतोय का न्हाई?"

"व्हय की, लय घुमतोय."

मग अंगाऱ्याची पुडी मिळायची. रोज सकाळी भाकरीच्या तुकड्यावर घ्यायची, रिकाम्या पोटी नाही.

माझी धाकटी जाऊ तानुबाई त्या रांगेत होती. संधिवातानं बोटं वाकडी झालेली. तिची वेणी मीच घालायचे. अंगारा सुरू झाला आणि आठवड्यात ती माझ्याकडं पाठ करून बसली. "आक्का, आवं बघा तरी. माझी मी घातली."

वेणी तिरपी होती. तेवढी सुंदर वेणी मी पुन्हा पाहिली नाही.

पुढं तिचा चेहरा गोल, तांबूस झाला. "बाबाचं त्याज चढलंय तोंडावर," तिचे यजमान, माझे दीर भाऊसो, कौतुकानं म्हणायचे.

नवरात्रात घट बसले. तानुबाईचा उपवास नुसत्या पाण्यावरचा. भाकरी बंद, म्हणून अंगाराही बंद. चौथ्या माळेला उलट्या सुरू झाल्या. "देवी पारखतीया," म्हणत ती पडून राहिली. सहाव्या माळेला हाकेला ओ देईना. साताऱ्याला माझी भाची ज्ञानदा डॉक्टर. तिच्या दवाखान्यात नेलं. सलाइन लावलं, इंजेक्शनं झाली. दिवस मावळायच्या आत तानुबाई गेली.

उरलेली पुडी ज्ञानदानं तपासायला पाठवली. राखेत स्टिरॉइडच्या गोळ्या कुटून घातलेल्या निघाल्या.

"मावशी, संधिवात म्हणजे अंगात शिरलेला वारा नव्हे," ती म्हणाली. "सुजलेला सांधा केमोकाइन नावाची रसायनं सोडतो. त्या हाकाच समज. रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर त्या ऐकणारे कान असतात, रिसेप्टर म्हणतात त्यांना. ऐकलं की पेशी सांध्याकडं धावतात, आणि तिथून आणखी हाका उठतात. म्हणून दुखणं संपत नाही. स्टिरॉइड त्या हाका दाबतं. पण ते बाहेरून मिळायला लागलं की शरीर स्वतःचं बनवणं सोडून देतं. एकदम बंद केलं तर माणूस कोसळतो."

"मग चेहऱ्यावरचं तेज?"

"सूज होती ती. औषध वाईट नाही गं. ते लपवून दिलं, हे वाईट."

"आणि भाकरीवर घ्यायचं?"

"रिकाम्या पोटी जळजळ होते. देवाच्या राखेला पोटाची काय पर्वा? बाबाला सगळं माहीत होतं."

गावात मात्र, भाग्याची बाई, उपवासात देवीनं नेली, असंच बोलणं चाललं होतं.

तेराव्यानंतर मी मठापुढच्या रांगेत गेले. हातात तानुबाईची खोबरेल तेलाची रिकामी बाटली होती. ती एकेकीच्या कानाला लावली.

"घुमतंय का?"

"व्हय. कुणाचा वात हाय ह्यो?"

"कुणाचाच न्हाई. रिकामी बाटली कानाला लावली की घुमतीच. घरी जाऊन लावून बघा. अंगारा घेत असाल तर मनानं बंद करू नका, पुडी घेऊन आधी डॉक्टरकडं चला. आराम पडला तर पडू दे, पण कशानं पडला ते विचारा. आमच्या घरात कुणी विचारलं न्हाई."

एक म्हातारी बाटली कानाशी धरून तशीच उभी राहिली.

"बाई," ती हळूच म्हणाली, "तेलाचा वास येतोय ह्याला."

येत होता. तानुबाईच्या केसांचा.