ऑरिन टॅकेटचा उतावळा अंगठा

मित्रांनो, मी एक जुने स्टॉपवॉच आहे. तुमच्या शाळेत क्रीडादिनाला सरांच्या गळ्यात असते तसलेच, पण माझ्या पोटात सेल नाही, खरी पोलादी स्प्रिंग आहे. सध्या माझा मुक्काम वर्ना टॅकेट नावाच्या म्हातारीच्या स्वयंपाकघरात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असतो. सोबतीला सुटी बटणे, एक मोडका चष्मा आणि दोन मेणबत्त्या. एका वर्षी एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत मला कोणी हातसुद्धा लावला नव्हता. तरीही तेवढ्या काळात माझी कळ तीनशेहून अधिक वेळा दाबली गेली. हे कसे झाले ते क्रमाने सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारे घड्याळ चळले.

माझा जन्म डोंगरापलीकडच्या कारखान्यात झाला. तिथल्या तपासनीस बाईने मला कानाशी धरले आणि म्हणाली, "हे कधी खोटं बोलणार नाही." या एका वाक्यावर मी वर्षानुवर्षे ताठ मानेने जगले. वर्नाच्या नवऱ्याने, म्हणजे ऑरिन टॅकेटने, मला विकत घेतले. तो बेसबॉलच्या एका मोठ्या क्लबाचा पारखी होता. गावोगावच्या मैदानांवर हिंडायचे, पोरे बघायची आणि कोण पुढे जाईल ते हेरून क्लबाला कळवायचे, हा त्याचा धंदा. चेंडू बॅटला लागल्याचा आवाज झाला की तो माझी कळ दाबी आणि फलंदाजाचा पाय पहिल्या बेसवर, म्हणजे धावून गाठायच्या पहिल्या गादीवर, पडला की पुन्हा दाबी. सव्वाचार सेकंदांत पोचला तर वहीत नाव, साडेचार लागले तर राम राम. त्याच्या खिशातून मी बाहेर आले की पोरांचे आईबाप श्वास रोखून धरत. तेव्हा माझा काय रुबाब होता म्हणून सांगू!

अशाच एका मे महिन्यात, कोळशाच्या खाणीशेजारच्या मैदानावर आम्ही वेंडेल म्युलिन्सला पाहिले. बुटका, फेंगडा, मान खांद्यात रुतलेली. धावला तेव्हा माझ्यावर साडेचार सेकंद उमटले. शेजारी बसलेला दुसऱ्या क्लबाचा पारखी ल्यूथर खदाखदा हसला.

"ऑरिन, हा पोरगा पोत्याच्या शर्यतीतून थेट इकडे आलाय की काय?"

ऑरिनही हसला. पण मग वेंडेल क्षेत्ररक्षणाला उभा राहिला, कुंपणाजवळच्या लांबच्या मैदानात, आणि दोघांचेही हसू ओसरले. चेंडू कुठेही उडाला तरी त्याच्याखाली वेंडेल असायचाच. इतक्या जड पायांचा माणूस इतक्या लवकर पोचतो कसा? सहाव्या डावात ऑरिनच्या ते लक्षात आले. बॅटला चेंडू लागायच्या आधीच वेंडेलचे पहिले पाऊल पडत होते.

सामना संपल्यावर ऑरिनने त्याला कुंपणापाशी गाठले.

"बाळा, चेंडू कुठे जाणार हे तुला आधी कसं कळतं?"

वेंडेलने टोपी काढली. "टिक ऐकू येते, मिस्टर ऑरिन. ती झाली की पाय आपोआप सुटतात."

"कसली टिक?"

त्याने ऑरिनच्या मुठीकडे बोट दाखवले. मुठीत मी होते. "आज पहिल्यांदाच ऐकली. मला वाटलं, सगळ्यांनाच ऐकू येते."

ऑरिनची जागा आणि त्याची जागा यांत शंभर पावलांहून जास्त अंतर होते. माझी टिक तर शेजारच्या ल्यूथरलाही ऐकू जात नसे. ऑरिनने मला खिशात टाकले आणि बराच वेळ हात बाहेर काढला नाही.

"मला घ्याच," वेंडेल हळूच म्हणाला. "नाही घेतलंत तर सोमवारी खाणीत उतरायचंय. माझ्या दोन्ही भावांना तिथं खोकला लागलाय. थोरला तर आता उभ्यानं झोपतो."

ऑरिनने त्याला घेतले. क्लबाच्या साहेबाने फोनवर पुष्कळ आरडाओरडा केला, तरी घेतले. मायनर लीग म्हणजे मोठ्या क्लबाकडे जाणारी शिडीच, आणि वेंडेल तिच्या सर्वांत खालच्या पायरीवर उभा राहिला. पायरी कुठलीही असो, तिथला प्रशिक्षक त्याला बघून कपाळावर हात मारी आणि महिन्याभरात त्याच्याशिवाय संघ उतरवीनासा होई. सवड मिळेल तेव्हा ऑरिन त्याच्या सामन्याला जाऊन बसे. बाकीचे दिवसही बरे जात. बसमध्ये डोळे मिटले तरी टिक कानात राहते, असे वेंडेल सांगे.

दुसऱ्या वर्षी एक दुपार आली, ती मला अजून टोचते. ल्यूथरने आपले घड्याळ माझ्याशेजारी धरले. त्याच धावपटूसाठी त्याच्यावर चार पूर्णांक तीन, माझ्यावर चार पूर्णांक चार. पुढच्यालाही तेच. तिसऱ्यालाही तेच.

"अरे ऑरिन, तुझा अंगठा घाई करतो," ल्यूथर म्हणाला. "आवाज व्हायच्या आधीच दाबतोस तू."

हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते, मित्रांनो. पण मला तोंड कुठे आहे? ऑरिन ज्या क्षणी कळ दाबी त्या क्षणापासून मी इमानाने मोजत असे. बावीस वर्षे प्रत्येक पोराच्या माथी सेकंदाचा दहावा भाग जास्तीचा लागला होता. किती पोरे त्यापायी घरी गेली असतील! त्या संध्याकाळी ऑरिनने जुन्या वह्या काढल्या. एकेक नाव वाचून तो प्रत्येकाला मोठ्याने "माफ कर" म्हणाला. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मग त्याने अंगठ्याला वळण लावायला घेतले. वर्ना ओट्यावर लाटणे आपटी आणि तो माझी कळ दाबी. महिन्याभरात अंगठा आवाजाशी अगदी जुळला. आता मी खऱ्या अर्थाने खरे बोलू लागले होते.

पुढच्याच रविवारी आम्ही वेंडेलच्या सामन्याला गेलो. पहिला चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला. दुसरा पुढे पडला. तिसऱ्याला तो लटपटत पळाला, जत्रेत हरवलेल्या पोरासारखा इकडेतिकडे बघत. प्रेक्षक ओरडू लागले, "घरी जा, फेंगड्या!" सामना संपला तेव्हा तो कुंपणापाशी आला. चेहरा पांढराफटक पडला होता.

"मिस्टर ऑरिन, आज टिक उशिरा आली."

अंगठ्याचे वेंडेलला कोणीही सांगितले नव्हते. ऑरिनने आपल्या अंगठ्याकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी त्याने इतर पोरांसाठी नवे घड्याळ घेतले. त्याच्यावर नीट, सावकाश कळ दाबायची. मी उरले फक्त वेंडेलसाठी, आणि माझ्यावर जुन्या घाईनेच अंगठा पडायचा. वेंडेल पुन्हा सगळे चेंडू पकडू लागला.

पुढे ऑरिनचे हृदय कुरकुरू लागले. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. वेंडेल तेव्हा शेवटून दुसऱ्या पायरीवर, दोनशे मैल दूर खेळत होता. ऑरिन दुपारी व्हरांड्यात रेडिओ लावून बसे आणि मला मुठीत धरी. एक मात्र मी तुम्हाला शपथेवर सांगते. त्याचा अंगठा आधी पडे, बॅटचा आवाज रेडिओवर नंतर येई, आणि मग निवेदक ओरडे, "म्युलिन्स आधीच तिथे!"

वर्ना दारातून म्हणे, "तिकडे पोरगा खेळतोय आणि इकडे तू कळा दाबतोयस. वेड लागलंय तुला."

"लागू दे," ऑरिन म्हणे. "त्याच्या भावांचा खोकला ऐकलायस का तू?"

दोन वर्षे असे चालले. वेंडेल शेवटच्या पायरीवर पोचला. तिसऱ्या एप्रिलमध्ये, खेळाचा हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, ऑरिन गेला. वर्नाने मला पुसले, डब्यात ठेवले आणि झाकण लावले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला माझी कळ खाली गेली.

डब्यात अंधार होता. वर्ना बाहेर कपडे वाळत घालत होती. कळीच्या माथ्यावर ऑरिनच्या अंगठ्याने झिजून एक खळगा पडला आहे. दाब बरोबर त्या खळग्यात आला, उबदार. मी घाबरले, पण धावले. धावणे हेच माझे काम. त्यानंतर सामना असेल त्या प्रत्येक दुपारी हेच घडत राहिले.

ऑगस्टच्या शेवटी मोठ्या क्लबाने वेंडेलला बोलावले. रविवारी दुपारी त्याचा पहिला सामना होता. पेपरात नाव वाचून वर्नाने चार महिन्यांनी रेडिओ लावला. इकडे ऑरिनने शेवटची दिलेली चावी संपत आली होती. सातव्या डावात कळ दाबली गेली, पण माझा काटा जागच्या जागी थरथरला. टिक झालीच नाही.

"म्युलिन्स हललाच नाही!" निवेदक म्हणाला. "चेंडू मागे पडलाय, दोन धावा! पुढच्या डावाला हा दिसेल असं वाटत नाही."

कळ पुन्हा दाबली गेली. पुन्हा. आता घाईघाईने, डबा खडखडेपर्यंत. वर्नाने रेडिओ बारीक केला, कान दिला आणि झाकण उघडले. कोणी हात न लावता माझी कळ खाली-वर होत होती.

तिने किंकाळी फोडली नाही. कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "मेलास तरी तुझी घाई काही जात नाही, ऑरिन."

मग डोळे पुसून तिने मला उचलले आणि कळ फिरवून चावी दिली. इतकी वर्षे त्याला देताना बघितली होती तशीच, मोजून अकरा वेळा. तिचे बोट अजून कळीवर होते, इतक्यात कळ दाबली गेली. टिक. मग रेडिओवर बॅटचा आवाज आला आणि निवेदकाचा आवाज चिरकला. "म्युलिन्स पळत सुटलाय... अहो, हा आधीच तिथे आहे!"

तेव्हापासून वर्ना रोज दुपारी भांडी घासून झाली की मला चावी देते. माझी स्प्रिंग आता थकली आहे, एक चावी जेमतेम एक सामना पुरते. वेंडेल अजून खेळतो. पण मित्रांनो, वर्नाला आता एकोणऐंशीवे लागले आहे. तिचा हात कापतो, कधी नऊ वेळाच चावी बसते, आणि त्या दिवशी वेंडेलच्या हातून शेवटचा चेंडू सुटतो. उद्या ती नसेल तेव्हा हा डबा कोणाच्या तरी हाती लागेल. कदाचित तुमच्या. जुनी वस्तू म्हणून मला फेकू नका, एवढीच विनंती आहे. डावीकडून उजवीकडे, अकरा वेळा. बाराव्यांदा नको, स्प्रिंग तुटेल. आणि चावी देऊन झाली की बोट लगेच बाजूला घ्या. तिथे अंगठा ठेवायचा असतो त्याला.