तिसरी हाक

माझा आवाज मोठा हाय, हे मला कुनी सांगायची गरज न्हाई. आमचं मालक म्हनत्यात, साळू हितं नेऱ्यात बोलली की शेजारच्या मारुंजी गावातली म्हस बुजती. म्हनू द्यात. ह्याच आवाजानं मला त्या साली असं गोत्यात आनलं, की आजबी आठवलं की घाम फुटतो.

आमच्या माडीवरच्या दोन खोल्या आमी भाड्यानं दिल्यात. तितं कौस्तुभराव आनि अपेक्षा राहायची. लातूरकडची मानसं. तो हिंजवडीत कंपुटरच्या कंपनीत, ती घरी. ती घरी राहायची कारन त्यांची पोरगी, किमया. पोर जन्मापास्नं ठार बहिरी. तीन वर्सांची झाल्यावर पुन्यात तिचं आपरेशन केलं, कानाच्या आत तार बसवली, आनि कानामागं एक मशीन दिलं. त्या मशीनची रुपायाएवढी चकती लोहचुंबकानं केसात चिकटायची. चिकटली की पोरीला ऐकू येनार, निघाली की पुन्हा सगळं गपगार. सुरवातीला कार्टी ती चकती उपटून आमच्या लोखंडी फाटकाला चिकटवून यायची आनि मी शिव्या देत हुडकत फिरायची. मग एक दिस सकाळी उठल्या उठल्या तिनं स्वतःच मशीन आनून आईच्या म्होरं धरलं. अपेक्षा त्या दिवशी पुरनपोळ्या घेऊन खाली आली होती. मी म्हनलं, आज कुठला सन गं बाई? 

पुन्यात उषा मॅडम म्हनून होत्या. पोरांचे कान तपासायच्या, त्यांना बोलायला शिकवायच्या. त्यांनी अपेक्षाला शिस्त घालून दिली होती. हातवारे करायचे न्हाईत. पोरीला पाठीमागनं हाक मारायची, थांबायचं, अजून एकदा मारायची, मग गप बसायचं. सारख्या हाका मारल्या तर पोर हाकेला जुमानत न्हाई, म्हनं. अपेक्षा ती शिस्त अशी पाळायची की देवाचं सोवळं कुनी पाळत नसंल. मला मेलीला कसली शिस्त? मी आपली कोंबड्यांना हाकारते तशी एका दमात, "किमे, ए किमे, किमे गं!"

वर्सभर सगळं चांगलं चाललं. पोर ऐकायला लागली, मोडकंतोडकं बोलायला लागली, आनि मला आजी म्हनायला लागली. पन ऐकू यायला लागलं तशी आवाजाच्या मागं पळायलाबी लागली. भांडं पडलं, पळ. कुत्रं भुंकलं, पळ. दोन हजार आठ सालची गोष्ट. आमच्या रस्त्याला तवा नव्या बिल्डिंगांसाठी खडीचं डंपर रातंदिस चालू होतं. दिवाळी होऊन आठ दिस झालं असतील. अपेक्षा बाजाराला गेली होती, पोर माझ्याजवळ. भर दुपारी रस्त्यावर म्हातारीचे केस विकनाऱ्याची घंटी वाजली, आनि ही पोर अंगनातनं सुटली ती थेट रस्त्यात. डंपरवाल्यानं ब्रेक मारला. चाक आनि पोर ह्यांच्यात हातभराचं अंतर होतं. हातभरच.

मी पळत जाऊन तिला उचललं, आदी एक धपाटा घातला, मग छातीशी धरलं.  अपेक्षाला काय सांगू? तिनं पोर माझ्या भरवशावर टाकली होती. हे कळलं तर ती खोली सोडून जाईल, पोर पुन्हा दिसायची न्हाई, ह्या भ्यानं मी तोंडाला कुलूप घातलं. 

पन पोरीला शहानपन शिकवायला पायजे होतं. माझी सासू सांगायची, दुपारच्या पारी न्हाईतर दिवेलागनीला कुनी हाक मारली तर लगीच ओ द्यायची न्हाई. भूत दोनदा हाक मारतं, तिसऱ्यांदा मारत न्हाई. तिसरी हाक आली तर समजायचं की मानूस हाय. आमी सगळी ह्याच्यावरच वाढलो. मी किमीला म्होरं बसवलं आनि तेच शिकवलं. घंटी असू दे, हॉर्न असू दे, मानूस असू दे, तीनदा आवाज आल्याबिगर जागचं हलायचं न्हाई. एक आवाज, एक बोट मिटायचं. दुसरा, दुसरं बोट. तिसऱ्याला ओ. आठ दिस आमी दोघी दुपारी हाच खेळ खेळलो. पोर हुशार, एकदम पक्की झाली. पुन्हा म्हनून रस्त्याकडं पळाली न्हाई. मी मनात म्हनलं, साळूबाई, पोरीचा जीव वाचवलास.

जानेवारीत पुन्यात तपासनी झाली आनि अपेक्षा रडत घरी आली. पोरीचं ऐकनं लई खाली आलं होतं. लई मोठा आवाज केला तरच तिला कळतंय, असं कागदावर आलं. महिनाभरानं पुन्हा तपासायचं, आनि तसंच आलं तर आत बसवलेली तारच बिघडली समजायचं. म्हंजे पुन्हा डोकं उघडायचं.

मी म्हनलं, हॅट, असं कसं? पोर तर माझ्या हाकेला पळत येती. अपेक्षानं माझ्यासमोरच पोरीला पाठीमागनं हाक मारली. थांबली. पुन्हा मारली. किमी खडे खेळत होती, तिनं मानबी वर केली न्हाई. अपेक्षा गप झाली. शिस्तीपरमानं गप झाली. मग जाऊन तिनं पोरीच्या खांद्याला हात लावला.

"काकू, तिला तुमचा आवाज ऐकू येतो कारण तुमचा आवाज मोठा आहे," ती म्हनली. "माझा पोचतच नाही."

 आईचा आवाज पोचंना आनि माझा पोचतोय, ह्यात मला कसला मोठेपना? पुढं पुढं तर तिनं पोरीला हाक मारनंच सोडलं. काय पायजे असंल तर जाऊन हात लावायची. कौस्तुभराव कामावरनं आले की दोघं कुजबुजत बसायची. 

फेब्रुवारीतल्या तपासनीला अपेक्षा मला घेऊन गेली. कौस्तुभरावांना सुट्टी न्हवती, आनि पोर माझ्याजवळ शांत राहायची. दवाखान्यात बसल्या बसल्या तिला एक कागद भरायला दिला. मशीनवर तुम्ही किती समाधानी आहात, आनि खाली पाच चौकोन, पहिला 'अजिबात नाही', शेवटचा 'पूर्ण समाधानी'. ती पेन धरून बसून राहिली. कागद कोराच ठेवून पर्समध्ये घातला.

काचेची एक खोली होती. किमीला आत खुर्चीवर बसवलं, म्होरं प्लास्टिकच्या रंगीत कड्या आनि एक खुंटी. आवाज आला की एक कडी खुंटीत घालायची. आमी काचेच्या भाईर. उषा मॅडमच्या म्होरं यंत्र होतं. आवाज सोडला की यंत्रावर बारका दिवा लागायचा, भाईर आमाला मात्र काय ऐकू येत न्हवतं.

दिवा लागला. किमी गप. मॅडमनी आवाज वाढवला, दिवा लागला. किमी गप. अजून वाढवला, तवा पोरीनं कडी घातली. मॅडमनी कागदावर पार खाली कुटंतरी खून केली. पुन्हा बारीक आवाजापास्नं सुरवात, पुन्हा तेच. अपेक्षानं तोंडाला ओढनी लावली.

आनि माझं ध्यान पोरीच्या डाव्या हाताकडं गेलं. गुडघ्यावर ठेवला होता. दिवा लागला, एक बोट मिटलं. दिवा लागला, दुसरं मिटलं. तिसऱ्याला कडी.

अगं बया बया!  

"मॅडम, थांबवा," मी म्हनलं. "पोरीला पहिल्यापास्नं ऐकू येतंय. ती मोजतीया. तिसऱ्यालाच ओ द्यायची, असं मी शिकवलंय तिला. आन आई तर दोनदाच हाक मारती."

मग सगळं सांगावंच लागलं. भुताचं सांगितलं, घंटीचं सांगितलं, डंपरचंबी सांगितलं. सांगताना अपेक्षाकडं बघायची छाती झाली न्हाई. मॅडम आदी माझ्याकडं अशा बघायला लागल्या, जशी मीच भूत हाय. मग त्यांनी पोरीच्या हाताकडं बघत दोनदा आवाज सोडला, लई बारीक. दोन बोटं मिटली. मॅडम खुर्चीतच मागं रेलल्या आनि म्हनल्या, वीस वर्सांत असं बघितलं न्हवतं. मला म्हनल्या, तुम्हीच बिघडवलंत, आत जाऊन तुम्हीच दुरुस्त करा.

मी आत गेले. पोरीची बोटं हातात धरली. 

"किमे, हितं भूत न्हाई, रस्ता न्हाई. हितं पहिल्याच हाकेला ओ द्यायची. घरी आईनं हाक मारली तरी पहिल्याच हाकेला. तीन फक्त रस्त्याच्या आवाजाला. कळलं?"

पोरीनं मान हलवली. मॅडमनी पुन्हा पयल्यापास्नं सुरू केलं. दिवा, कडी. दिवा, कडी. कड्या संपल्या, खुंटी भरली. मॅडमनी नवा कागद अपेक्षाच्या हातात दिला. दिवाळीच्या आदल्या तपासनीपेक्षाबी चांगलं ऐकतीया, म्हनल्या. तार शाबूत, मशीन शाबूत, पुन्हा आपरेशन न्हाई. माझा जीव भांड्यात पडला. 

येताना रिक्षात तिनं पोरीला माझ्याजवळनं घेऊन आपल्या मांडीवर बसवलं. मला वाटलं, झालं, आता सामान बांधनार. पौड फाट्याच्या जवळ आल्यावर तिनं विचारलं, डंपरचं का सांगितलं नाहीत. मी खरं ते सांगितलं, तुमी जाल म्हनून.  मग तिनं माझा हात धरला आनि घर येईस्तवर सोडला न्हाई.

घरी पोचलो तवा दुपार कलली होती. किमी फाटकातनं आत पळाली आनि आमच्याकडं पाठ करून कोंबड्यांना दाने टाकायला लागली. अपेक्षा जिन्याच्या पायरीशी उभी राहिली. कितीतरी दिसांनी तिनं पोरीला हाक मारली, तीबी भीत भीत. इतकं हळू की मलाबी धड ऐकू आलं न्हाई.

"किमया."

"ओ."

पोरीनं मागं वळूनबी बघितलं न्हाई, दानेच टाकत होती. अपेक्षाच्या डोळ्यातनं घळाघळा पानी. तिनं पुन्हा हाक मारली. पुन्हा ओ. ती म्याड झाल्यागत मारतच राहिली, तिसरी, चौथी, पाचवी. उषा मॅडमची शिस्त गेली उडत. शेवटी पोर दान्याची वाटी खाली ठेवून गरकन वळली, कमरेवर हात ठेवले, आनि मोठ्या आवाजात, अगदी माझ्या आवाजात म्हनली,

"ओ दिली न्हवं? किती येळा!"

अपेक्षा हसत हसत पायरीवर बसली. पर्समधनं तो कागद काढला, माझ्याकडं पेन मागितलं. माझ्याकडं कुटनं पेन? मग किमीच्या दप्तरातला खडू घेतला आनि शेवटच्या चौकोनात लालभडक बरोबरची खून केली.